विश्लेषण : डोकेदुखी आणि जबड्याच्या दुखण्यावर हातांनी उपचार; ‘ऑस्टिओपॅथी’चे जनक डॉ. स्टिल कोण होते?

सिमेंट कारखाने, चुनखडीच्या खाणी आणि दिवसरात्र धावणारे ट्रक यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गडचांदूर परिसरात डोके दुखण्याची तक्रार नवी नाही. रात्रपाळी, धूळ, चंद्रपुरी ऊन, खड्ड्यांतून तासन्‌तास गाडी हाकणे, कापसाच्या शेतात दिवसभर झुकलेली मान अशी त्याची अनेक कारणे. उपायही ठरलेले. मेडिकलमधून आणलेली गोळी, कपाळाला बाम, गावातल्या हाडवैद्याकडून मालिश, नाहीतर सलूनमध्ये दाढीनंतर कडकन मोडून घेतलेली मान. आता शहरांतून ‘ऑस्टिओपॅथी’ हा शब्दही कानावर येऊ लागला आहे. डोकेदुखी आणि जबड्याचे दुखणे औषधाविना, केवळ हातांनी बरे करणारी पद्धत असे तिचे वर्णन केले जाते. ही पद्धत सुरू करणारे अमेरिकी डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांचे आयुष्य पाहिले, तर तिचे बळ कशात आहे आणि ती कुठे तोकडी पडते, हे दोन्ही उलगडते.

स्टिल यांचे बालपण कसे होते?

अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म ६ ऑगस्ट १८२८ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या ली काउंटीत झाला. नऊ भावंडांतले ते तिसरे. वडील अब्राम स्टिल हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि वैद्यकीही करत. घोड्यावरून गावोगाव फिरायचे, रविवारी प्रवचन द्यायचे, इतर दिवशी आजाऱ्यांना औषध द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता. वडिलांची नेमणूक बदलेल तसे कुटुंब आधी टेनेसी आणि मग १८३७ मध्ये मिसुरी राज्यात गेले. त्या काळी तो प्रदेश वस्तीच्या अगदी कडेला होता. जंगल, शिकार, थोडी शेती आणि मैलोन्‌मैल डॉक्टर नाही. शाळा मिळाली ती तुकड्यातुकड्यांनी. स्टिल शरीररचना पहिल्यांदा शिकले ते शिकारीतल्या प्राण्यांची कातडी सोलताना. हाड, स्नायू, शिरा यांची मांडणी पुस्तकाआधी त्यांच्या हातांना कळली होती.

दोरीच्या झोक्याची गोष्ट काय आहे?

ऑस्टिओपॅथीच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, आणि तो डोकेदुखीचाच आहे. स्टिल साधारण दहा वर्षांचे होते. त्यांना डोकेदुखीचा त्रास होई. एके दिवशी डोके फारच ठणकू लागले, तेव्हा त्यांनी नांगराला लावायच्या दोरीचा दोन झाडांमध्ये झोका बांधला. झोका घेणे सोसवेना म्हणून दोरी जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली, तिच्यावर घोंगडीचे टोक टाकले आणि मानेचा मागचा भाग तिच्यावर टेकवून ते आडवे झाले. थोड्याच वेळात झोप लागली. उठले तेव्हा डोके दुखायचे थांबले होते. पुढे कित्येक वर्षे डोके दुखू लागले की ते हाच उपाय करत.

याचा अर्थ त्यांनी मोठेपणी लावला. कवटी आणि मान जिथे जुळतात तिथल्या नसांवर दोरीचा दाब पडला, त्यांचा क्षोभ शमला आणि रक्तप्रवाह सुरळीत झाला, असे त्यांना वाटे. रक्तप्रवाहाविषयीचे त्यांचे स्पष्टीकरण आज जसेच्या तसे मान्य होणार नाही. मात्र मानेच्या वरच्या भागातील स्नायू आखडले की त्या वेदना डोक्यात, कपाळात जाणवतात, हे आधुनिक वैद्यकही मानते. मानेच्या वरच्या मज्जातंतूंकडून येणारे आणि चेहरा, जबडा, कपाळ यांच्याकडून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी एकत्र येतात. त्यामुळे दुखणे मानेचे असले तरी मेंदूला ते डोक्याचे वाटू शकते.

डॉक्टर होण्याआधी ते काय करत होते?

थोडक्यात, सगळेच. १८४९ मध्ये मेरी मार्गारेट व्हॉन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १८५३ मध्ये ते कॅन्ससला गेले. तिथे वडील शॉनी या मूळनिवासी जमातीत धर्मप्रचाराचे काम करत होते. स्टिल शेती करत, लाकडाची गिरणी चालवत, यंत्रांची दुरुस्ती करत आणि वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकत. त्या काळी अमेरिकेच्या सीमेवर बहुतेक डॉक्टर असेच, उमेदवारी करून तयार होत. शरीररचना नीट कळावी म्हणून स्टिल यांनी मूळनिवाशांच्या थडग्यांतून सांगाडे उकरून काढले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आज हे कृत्य कोणत्याही कसोटीवर समर्थनीय ठरणार नाही; पण त्यांचे हाडांचे ज्ञान तिथूनच आले, हेही खरे.

कॅन्ससमध्ये त्या वेळी गुलामगिरी ठेवायची की नाही, यावरून रक्तपात सुरू होता. स्टिल कुटुंब गुलामगिरीच्या ठाम विरोधात होते. १८५७ मध्ये अँड्र्यू गुलामगिरीविरोधी पक्षाकडून प्रादेशिक विधिमंडळात निवडून आले. यादवी युद्ध पेटल्यावर १८६१ मध्ये ते उत्तरेच्या बाजूने घोडदळात दाखल झाले. तिथे लष्करी रुग्णालयाचे काम त्यांनी पाहिले आणि पुढे कॅन्ससच्या मिलिशियात मेजर झाले. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केला, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले हेच लोक.

१८६४ हे वर्ष निर्णायक का ठरले?

पहिली पत्नी १८५९ मध्ये बाळंतपणानंतर दगावली होती. पुढच्या वर्षी स्टिल यांनी मेरी एल्व्हिरा टर्नर यांच्याशी दुसरे लग्न केले. १८६४ च्या सुरुवातीला कॅन्ससमध्ये मेनिंजायटिसची साथ आली. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणाला सूज येते. सुरुवात होते ती ताप, असह्य डोकेदुखी आणि ताठलेल्या मानेने. स्टिल यांनी आपल्या माहितीतले चांगले डॉक्टर घरी आणले, धर्मगुरूंनी प्रार्थना केल्या. त्यांची स्वतःची दोन मुले आणि दत्तक घेतलेले एक, अशी तीन मुले काही दिवसांत गेली. त्यापाठोपाठ तान्ही मुलगी न्यूमोनियाने दगावली.

स्टिल यांनी डॉक्टरांना दोष दिला नाही. त्यांनी आपल्या परीने सारे केले होते, असेच ते मानत. दोष त्यांनी दिला तो त्या काळच्या औषधांना. आणि ती औषधे पाहिली तर त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पाऱ्यापासून बनवलेले कॅलोमेल, अफू, दारू, जुलाब, अंगावर फोड आणणारे लेप आणि रक्त काढणे, हा तेव्हाचा मुख्य दवाखाना. कॅलोमेलने लाळ गळायची, हिरड्या सडायच्या, दात पडायचे. अफूने व्यसन लागायचे. जंतूंमुळे रोग होतात ही गोष्ट तेव्हा वैद्यकात रुजायची होती. प्रतिजैविके यायला आणखी ७०-८० वर्षे होती. अशा वेळी औषध न देणे हे अनेकदा औषध देण्यापेक्षा सुरक्षित असे.

ऑस्टिओपॅथीचा जन्म कसा झाला?

पुढची दहा वर्षे स्टिल शरीररचनेच्या अभ्यासात बुडाले. २२ जून १८७४ हा दिवस ते स्वतः आपल्या पद्धतीचा जन्मदिवस मानत. त्यांचा विचार असा होता : शरीर हे एक अखंड यंत्र आहे आणि स्वतःला दुरुस्त करण्याची सोय त्याच्यातच आहे. हाडे, सांधे, स्नायू जागेवर आणि मोकळे असतील तर रक्त व मज्जातंतू आपले काम नीट करतात. कुठे अडथळा आला की आजार होतो. डॉक्टरने हाताने तो अडथळा शोधावा, दूर करावा आणि बाजूला व्हावे. हाडासाठीचा आणि वेदनेसाठीचा असे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी पुढे ‘ऑस्टिओपॅथी’ हे नाव दिले.

कॅन्ससमध्ये कोणी ऐकून घ्यायला तयार नव्हते. बाल्डविन येथील बेकर विद्यापीठाच्या उभारणीला स्टिल कुटुंबाने मदत केली होती. त्याच विद्यापीठाने त्यांना आपले विचार मांडायला जागा नाकारली. हात लावून बरे करणे ही सैतानी विद्या आहे, असे काही धर्मोपदेशक म्हणू लागले. गाव सोडून ते मिसुरीत आले आणि १८७५ मध्ये किर्क्सव्हिल या छोट्या गावी स्थिरावले. सुरुवातीला त्यांनी स्वतःची जाहिरात ‘चुंबकीय उपचार करणारा’ अशी केली, नंतर विजेच्या वेगाने हाडे बसवणारा अशी. अनेक वर्षे हाडांची पिशवी घेऊन ते गावोगाव फिरले. वेष गबाळा, पायात बूट, हातात काठी. घरी पैशांची चणचण. लोक वेडा म्हणत, आणि दुखणे राहिले की परत येत.

किर्क्सव्हिल जगाच्या नकाशावर कसे आले?

दुखणाऱ्या पाठी, खांदे, माना बऱ्या झालेल्यांनी दुसऱ्यांना सांगितले आणि गर्दी वाढत गेली. एकट्याने ती आवरेना, तेव्हा १८९२ मध्ये स्टिल यांनी ‘अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी’ सुरू केली. पहिल्या वर्गात जेमतेम वीसेक विद्यार्थी होते. त्यांत स्टिल यांची काही मुले होती आणि स्त्रियाही होत्या. शरीररचना शिकवायला एडिनबरोत शिकलेले डॉ. विल्यम स्मिथ होते. ते मुळात या पद्धतीचे पितळ उघडे पाडायच्या विचाराने आले आणि तिथेच राहिले. पहिल्या दिवसापासून मुलींना प्रवेश देणारी वैद्यकीय शाळा ही तेव्हा विरळा गोष्ट होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात १८८६ मध्ये पदवी घेतली, ती खास स्त्रियांसाठी काढलेल्या महाविद्यालयातून.

काही वर्षांतच चित्र पालटले. रेल्वेगाड्या भरून रुग्ण येऊ लागले, हॉटेले आणि खानावळी उभ्या राहिल्या. १८९६ मध्ये व्हर्माँट राज्याने आणि १८९७ मध्ये मिसुरीने ऑस्टिओपॅथीला कायदेशीर मान्यता दिली. लेखक मार्क ट्वेन यांनी १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळ समितीपुढे जाऊन तिची बाजू मांडली. आपल्या शरीराचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क आपलाच, असा त्यांचा मुद्दा होता.

टीका काय झाली?

प्रस्थापित डॉक्टरांनी स्टिल यांना भोंदू ठरवले. टीकेचा एक भाग व्यावसायिक स्पर्धेचा होता, पण दुसरा भाग खरा होता. स्टिल यांचा दावा सांधे-स्नायूंपुरता थांबत नव्हता. घटसर्प, विषमज्वर, दमा अशा आजारांवरही ते हातांचाच उपाय सांगत आणि औषधांना जवळपास सरसकट विरोध करत. जंतुशास्त्र झपाट्याने पुढे जात होते, त्या काळात ही भूमिका टिकणारी नव्हती.

इथे इतिहासाने एक विलक्षण जोडी समोर आणली. अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करून प्रसिद्ध केलेल्या अहवालात ऑस्टिओपॅथीच्या शाळांवर कोरडे ओढले. त्याच सुमारास त्यांचे बंधू सायमन फ्लेक्सनर यांनी मेनिंजायटिसवर रक्तद्रव्याचा उपचार विकसित केला आणि या आजाराने होणारे मृत्यू बरेच घटले. स्टिल यांची मुले ज्या आजाराने गेली, त्यावरचा पहिला परिणामकारक उपाय स्टिल हयात असतानाच सापडला होता. तो मणक्याच्या हाताळणीतून नव्हे, प्रयोगशाळेतून आला.

१९१० मध्येच पत्नी मेरी एल्व्हिरा यांचे निधन झाले. १२ डिसेंबर १९१७ रोजी किर्क्सव्हिल येथे वयाच्या ८९ व्या वर्षी स्टिल गेले. त्यांच्यानंतर अमेरिकेतील ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांनी औषधे, शस्त्रक्रिया, लसी हे सारे अभ्यासक्रमात घेतले. आज अमेरिकेत ‘डीओ’ पदवीधारक हे एमडींच्या बरोबरीने पूर्ण अधिकार असलेले डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये मात्र ऑस्टिओपॅथ हा औषधे न देता हातांनी उपचार करणारा नोंदणीकृत व्यावसायिक आहे. तिथे १९९३ मध्ये त्यासाठी कायदा झाला. म्हणजे नाव एक असले तरी अर्थ देशागणिक वेगळा. भारतात ही पद्धत फारशी रुजलेली नाही. त्यामुळे पाटीवर हा शब्द दिसला तर उपचार करणाऱ्याचे मूळ शिक्षण कोणते, हे विचारणे रुग्णाच्याच हिताचे.

कवटी आणि जबड्यावरचे उपचार कुठून आले?

ते स्टिल यांच्या एका विद्यार्थ्याने आणले. विल्यम गार्नर सदरलँड यांनी किर्क्सव्हिलमध्ये शिकत असताना सुटी केलेली कवटी पाहिली. कानाजवळच्या हाडाच्या तिरप्या कडा पाहून त्यांना माशाच्या कल्ल्यांची आठवण झाली आणि कवटीची हाडे सूक्ष्म हालचाल करत असावीत, अशी कल्पना सुचली. १९३९ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका काढली. यातून ‘क्रेनियल ऑस्टिओपॅथी’ निर्माण झाली. डोके अलगद हातात धरून त्यातील लय ओळखायची, असे तिचे तंत्र. मात्र एकाच रुग्णाची ही लय दोन उपचारकांनी मोजली तर ती जुळत नाही, असे चाचण्यांत दिसले आहे. या शाखेला भक्कम पुरावा नाही.

जबड्याच्या सांध्याचे तसे नाही. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले की हा सांधा हलताना जाणवतो. ताणामुळे दात आवळणे, झोपेत दात खाणे, एकाच बाजूने चावणे यामुळे त्याचे स्नायू आखडतात. मग कानशिले दुखतात, जबडा कटकट वाजतो आणि त्यालाच लोक डोकेदुखी म्हणतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी हाताने सांधा मोकळा करणे, स्नायूंतील दुखऱ्या गाठींवर दाब देणे आणि देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम यांची शिफारस आहे. दातांची ठेवण कायमची बदलणारे उपाय आणि सांध्यातली चकती काढण्याची शस्त्रक्रिया टाळण्याचा सल्लाही त्यात आहे. हे हाताचे उपचार ऑस्टिओपॅथच करतो असे नाही; प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टही ते करतात. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत आणि मायग्रेनमध्येही अशा उपचारांनी काहींना आराम पडल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण तो पुरावा अजून कच्चा आहे.

गडचांदूर परिसरातील रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत जबडा आखडण्याचे एक वेगळे कारण फार महत्त्वाचे आहे, ते म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरला जातो. सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या अस्तराखाली घट्ट तंतू तयार होतात, तिखट सोसत नाही, गाल कडक होतात आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. हा ‘सबम्युकस फायब्रोसिस’. १९५३ मध्ये भारतात डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले होते. यातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. हा सांध्याचा आजार नाही, त्यामुळे मालिश करून किंवा जबडा बसवून तो बरा होत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर खर्रा त्याच दिवशी सोडून दंतवैद्याला दाखवायला हवे.

सलूनमध्ये मान मोडून घेणेही बेतानेच नव्हे, अजिबात टाळावे. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून जातात. अचानक झटक्याने त्या आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना क्वचित, पण नोंदलेल्या आहेत. दुसरा धोका गोळ्यांचा. महिन्यातील १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली जात असेल, तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते.

काही लक्षणांत हाताचा उपचार नव्हे, थेट रुग्णालय गाठणे गरजेचे असते. ताप आणि मान ताठ होऊन डोके दुखणे, आयुष्यात कधी नव्हती अशी एकाएकी उठलेली डोकेदुखी, सोबत बोबडी वळणे, हात-पाय लुळे पडणे, फिट येणे किंवा शुद्ध हरपणे, पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखून नजर अंधूक होणे, छातीत दाटून येण्यासोबत जबड्यात कळ येणे, ही ती लक्षणे. यातले शेवटचे हृदयविकाराचे असू शकते. पहिले मेनिंजायटिसचे, ज्याने १८६४ मध्ये स्टिल यांचे घर रिकामे केले. तेव्हा कोणाच्याच हाती काही नव्हते. आज त्यावर प्रतिजैविके आहेत, काही प्रकारांवर लसही आहे. फक्त रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे.

रुग्णाला हात लावून तपासावे, शरीराकडे सुटे सुटे न पाहता एकत्र पाहावे आणि निरुपयोगी औषध देऊ नये, या स्टिल यांच्या तीन आग्रहांना आजही कोणी नाकारत नाही. आखडलेली मान आणि दमलेला जबडा यांच्यासाठी त्यांचा मार्ग उपयोगी पडू शकतो. त्यापलीकडच्या आजारांसाठी मात्र नाही.